परदेशात मास्टर्सला जायचंय? नाशिकहून अप्लाय करणाऱ्यांसाठी, अगदी पहिल्या कागदापासून

फायनल इयरची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठला देश चांगला. यूएस की जर्मनी, आयर्लंड कसं आहे, कॅनडाचं आता काय चाललंय. यावर महिनोन्महिने चर्चा चालते आणि तोपर्यंत पासपोर्ट काढलेला नसतो, ट्रान्सक्रिप्टला (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा एकत्रित दाखला) अर्ज केलेला नसतो, घर अजून आजोबांच्याच नावावर असतं. मी जर्मनीत मास्टर्स करून परत आले, आता नाशिकलाच असते, ओळखीतल्या मुलांच्या फाइली बघून देते, आणि त्यावरून सांगते की फाइल अडते ती बहुतेक वेळा इथेच, आपल्या कपाटातल्या कागदांवर. तिकडच्या युनिव्हर्सिटीपर्यंत गोष्ट पोचतच नाही. म्हणून मी सुरुवात घरातल्या कागदांपासून करतेय, देश नंतर.

हे मुख्यतः मास्टर्ससाठी आहे. बारावीनंतर बॅचलर्सला जाणाऱ्यांचे नियम बरेच वेगळे असतात (जर्मनीत नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, आधी स्टुडियनकोलेग नावाचं वर्ष करावं लागतं किंवा जेईई अॅडव्हान्स्ड नाहीतर इथल्या कॉलेजचं एक वर्ष दाखवावं लागतं). आणि बाहेरून एमबीबीएस करायचं असेल तर नीट क्वालिफाय झाल्याशिवाय पुढे जाऊच नका, शिवाय एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप असलेला लागतो, नाहीतर परत येऊन इथे प्रॅक्टिस करता येत नाही. एजंट काहीही सांगू देत, हे आधी तपासा.

कधी सुरू करायचं

पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला कॉलेज सुरू व्हायचं असेल तर या वर्षीच्या जून-जुलैला कामाला लागायचं. म्हणजे थर्ड इयरचा रिझल्ट लागला की लगेच. सव्वा वर्ष ऐकायला खूप वाटतं पण हिशोब बघा: यूएसच्या चांगल्या युनिव्हर्सिट्यांच्या डेडलाइन डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, त्याच्या आधी जीआरई (मास्टर्सच्या प्रवेशाची परीक्षा) आणि इंग्रजीची परीक्षा झालेली हवी, आणि नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सबमिशन, ओरल-प्रॅक्टिकल आणि एन्डसेम. त्या दिवसांत एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा लेख) लिहायला बसलात तर एसओपीही धड होत नाही आणि पेपरही नाही. जर्मनीला विंटर सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, कागदोपत्री शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण इंटरनॅशनल कोर्सेसची त्याच्या बरीच आधी, मार्च ते मे मध्येच संपते, तर प्रत्येक कोर्सचं पान उघडून तारीख बघा, दुसऱ्याने सांगितलेली तारीख वहीत लिहू नका. यूकेत प्रवेश टप्प्याटप्प्याने भरत जातात, त्यामुळे तिथे उशीर केला की सीट जाते.

पासपोर्ट आणि नाव

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण महाराष्ट्रातल्या मुलांची निम्मी डोकेदुखी इथे आहे.

आपल्या मार्कशीटवर नाव आडनावापासून सुरू होतं. समजा पाटील रोहित संजय. दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळीकडे असंच. आता परदेशी फॉर्मवर दोनच रकाने असतात, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम, आणि मुलगा मार्कशीट समोर ठेवून तसंच उतरवतो, मग फर्स्ट नेम पाटील होतं आणि लास्ट नेम संजय. ते वडिलांचं नाव आहे हे तिकडच्या माणसाला कळायचं काही कारणच नाही. पुढे आयईएलटीएसचा (इंग्रजीची परीक्षा) स्कोअर एका नावाने, अॅप्लिकेशन दुसऱ्या नावाने, बँकेचं पत्र तिसऱ्या नावाने, आणि युनिव्हर्सिटीच्या सिस्टममध्ये स्कोअर जुळतच नाही.

नियम एकच ठेवा: जे पासपोर्टवर आहे तेच सगळीकडे, अगदी स्पेलिंगसकट, एक अक्षर इकडेतिकडे नाही. पासपोर्टवर सरनेमच्या रकान्यात पाटील आणि गिव्हन नेममध्ये रोहित संजय असेल तर प्रत्येक फॉर्मवर, परीक्षेच्या नोंदणीत, लोनच्या कागदात तेच. म्हणून पासपोर्ट पहिला. तो काढायला मुंबईला जायची गरज नाही, नाशिकमध्येच सेवा केंद्र आहे, नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ असेल तर त्यावर २००० जास्त. अर्ज करायच्या आधी दहावीची मार्कशीट, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग वाचा. आईच्या नावाचंही बघा, कारण पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर आईचं नाव वेगळं येतं आणि तिथे सासरचं-माहेरचं, लग्नानंतर बदललेलं, असे घोळ असतात. किरकोळ फरक असेल तर ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र चालून जातं, पण नावच बदललेलं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी लागते आणि त्याला वेळ जातो. लग्न झालेल्या मुलींनी तर हे सगळ्यात आधी ठरवावं की कोणत्या नावाने जायचं, आणि मग मध्येच बदलू नये.

पासपोर्ट आधीच असेल तर मुदत बघा. कोर्स संपेपर्यंत तरी टिकायला हवा. अठराच्या आत काढलेला असेल तर लवकर संपतो, तोही बघून घ्या.

ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबस आणि मार्कांचं गणित

नाशिकची बहुतेक इंजिनिअरिंग, सायन्स, कॉमर्स कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, तर ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून घ्यायची असते, अर्ज ऑनलाइन होतो. ऑटोनॉमस कॉलेज किंवा खाजगी विद्यापीठ असेल तर परीक्षा विभागात जाऊन त्यांची पद्धत विचारा. मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसीवाल्या मुलांनी आपली डिग्री नक्की कोणाची आहे ते बघून मग अर्ज करा, कारण आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे आणि त्यांची प्रक्रिया वेगळी. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट हाताशी हव्यात, मूळ प्रत. एखादी हरवलेली असेल तर डुप्लिकेटसाठी आजच अर्ज करा, उद्या नको. बॅक असेल आणि नंतर सुटली असेल तर ती जुनी मार्कशीटही ठेवा, फेकू नका, काही ठिकाणी दोन्ही मागतात आणि लपवलेलं ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतंच.

सोबत कॉलेजकडून दोन पत्रं घेऊन ठेवा: एक बोनाफाइड आणि एक शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं. दोन्ही लेटरहेडवर, सही, शिक्का, जावक क्रमांक, तारीख. क्लार्कदादांना घाईच्या दिवसांत नका गाठू, सेमिस्टरच्या मध्ये जा, काम पटकन होतं.

आता मार्क. सीजीपीएचे टक्के स्वतःच्या मनाने करायचे नाहीत. फॉर्म म्हणत असेल १० पैकी लिहा तर १० पैकीच लिहा. टक्के मागितलेच तर विद्यापीठाने दिलेलं सूत्र वापरा आणि ते सूत्र कुठे छापलंय त्याचा कागद जोडा. जर्मनीत उलटं असतं, तिथे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे जेमतेम पास, आणि आपले मार्क बदलायला बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात: जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग या आकड्याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८ असेल, कमाल १० आणि पासिंग ४ धरलं, तर २ भागिले ६, गुणिले ३, म्हणजे १, अधिक १, झाले २.०. सात असेल तर २.५. बऱ्याच कोर्सेसना २.५ ची अट असते, म्हणजे सातच्या खाली असाल तर कोणत्या कोर्सला अट नाही ते आधी शोधा आणि फी वाया घालवू नका.

जर्मनीवाले अजून एक गोष्ट बघतात जी आपल्याकडे कुणी सांगत नाही, ती म्हणजे विषय जुळतात का. गणित किती क्रेडिट, प्रोग्रॅमिंग किती, असं तक्त्यात भरून मागतात. त्यासाठी तुमच्या पॅटर्नचा सिलॅबस लागतो, २०१५ चा पॅटर्न असेल तर तोच, २०१९ चा असेल तर तोच, ज्युनियरकडून घेतलेला नवा पॅटर्न चालणार नाही. मेकॅनिकल करून डेटा सायन्सला जायचंय म्हणणारी मुलं इथे पडतात, मार्क चांगले असूनही. विषयच कमी भरतात.

बीकॉम, बीएस्सी तीन वर्षांचं असेल तर यूएसमध्ये बऱ्याच युनिव्हर्सिट्या १६ वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे इथे एमकॉम-एमएस्सी करून जावं लागतं किंवा तीन वर्षांची डिग्री चालते असं लिहिलेली युनिव्हर्सिटी शोधावी लागते. यूके, आयर्लंडमध्ये तीन वर्षांवर मास्टर्स मिळतं.

देश आणि कोर्स

हे थोडक्यात सांगते, कारण यावर बोलणारे खूप आहेत. पैसे किती उभे राहू शकतात हे आधी घरात बसून बोला आणि मग देश निवडा. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण सगळीकडे नाही असं समजू नका: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या विंटरपासून बाहेरच्यांना फी लावली आहे. आणि जर्मनीत खाजगी कॉलेजंही भरपूर आहेत ज्यांची फी जोरात असते, इथले एजंट जास्त करून तीच दाखवतात.

युनिव्हर्सिटी खरी आहे का हे तपासायला प्रत्येक देशाची सरकारी यादी असते. यूकेला स्टुडंट स्पॉन्सरची यादी, कॅनडाला डीएलआय यादी, ऑस्ट्रेलियाला क्रिकोस, यूएसला सेविपची स्कूल सर्च, जर्मनीचे कोर्स डाड या जर्मन शिक्षण-विनिमय संस्थेच्या साइटवर. नाव तिथे दिसलं नाही तर एक रुपया भरू नका, मग माहितीपत्रक कितीही चकचकीत असू दे.

दहाबारा युनिव्हर्सिट्या काढा, मग पाच-सहावर या. यूएसला एका अर्जाची फी ५० ते १०० डॉलर किंवा जास्तच पडते. जर्मनीत काही अर्ज युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, तिथे एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०.

इंग्रजी आणि जीआरई

आयईएलटीएस, टोफेलचे स्कोअर दोन वर्षं चालतात, जीआरईचा पाच वर्षं. जीआरई आता दोन तासांच्या आत संपते, सप्टेंबर २०२३ पासून छोटी केली आहे, त्यामुळे जुनी पुस्तकं बघून घाबरू नका. जीआरई लागतेच का हे आधी बघा, बऱ्याच ठिकाणी काढून टाकली आहे. आयईएलटीएसची फी १८ हजारांच्या आसपास जाते, म्हणून सराव न करता नुसती देऊन बघू असं करू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी एवढंच सांगते की वाचन आणि लिहिणं तुमचं सरावाने येतंच, बोलण्यासाठी रोज एका मित्राबरोबर फोनवर वीस मिनिटं इंग्रजीत बोला, विषय काहीही, आजचा भाजीबाजार का असेना. महागड्या क्लासपेक्षा त्याने जास्त फरक पडतो, मी बघितलंय.

एसओपी

इथे थांबा आणि वेळ द्या. कन्सल्टन्सीवाल्यांकडून लिहून घेतलेला एसओपी लगेच ओळखू येतो, कारण सगळ्यांचा सारखाच असतो, लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची आवड होती, भारत वेगाने प्रगती करतोय, आपल्या नामांकित विद्यापीठात मला संधी मिळाल्यास. वाचणाऱ्याला यातून तुमच्याबद्दल काहीही कळत नाही.

निफाड तालुक्यातल्या एका मुलाचा एसओपी माझ्याकडे आला होता, असाच. त्याला विचारलं, अरे फायनल इयरला प्रोजेक्ट काय केलास? तो म्हणाला, काही नाही ताई, द्राक्षाच्या पानाचा फोटो काढून डावणी रोग आहे की भुरी ते ओळखायचं अॅप. चाललं का? तर म्हणे सकाळी काढलेल्या फोटोंवर चालायचं, दुपारी चुकायचं, उन्हात पान चमकतं आणि ती चमकच मॉडेलला भुरी वाटायची. मग काय केलंस? मग म्हणे वडिलांच्या बागेत परत दुपारचे फोटो काढले, सावली धरून आणि न धरता, दोन्ही, आणि परत ट्रेन केलं, तरी ढगाळ दिवसांचं राहिलंच. हे सगळं त्याच्या एसओपीत नव्हतं! एक ओळ होती, मशीन लर्निंगवर आधारित प्रोजेक्ट केला. मी म्हटलं हेच लिही, जसं मला सांगितलंस तसं, काय चुकलं, का चुकलं, काय राहिलं, आणि जे राहिलं ते शिकायला तुला या कोर्समधला कोणता विषय हवाय. बस. कोर्सच्या विषयांची यादी उघडून त्यातले दोन-तीन विषय नावानिशी जोडायचे. लेखाची लांबी युनिव्हर्सिटी सांगेल तेवढीच, दोन पानं म्हटलं तर दोन.

इंग्रजी साधं चालतं. व्याकरण तपासून घ्या, पण दुसऱ्याकडून किंवा एआयकडून सगळा लिहून घेऊ नका, बऱ्याच युनिव्हर्सिट्या आता याबद्दल स्पष्ट नियम देतात आणि व्हिसाच्या वेळी एसओपीतलंच विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. आणि एकच एसओपी सगळीकडे पाठवताना युनिव्हर्सिटीचं नाव बदलायचं राहून जातं, पाठवायच्या आधी नावं शोधून बघा.

सरांकडून एलओआर (शिफारसपत्र)

दोन किंवा तीन लागतात. ज्या सरांनी-मॅडमनी तुम्हाला प्रोजेक्टला गाइड केलं, ज्यांना तुम्ही नावानिशी माहीत आहात, त्यांच्याकडूनच घ्या. प्रिन्सिपलची सही आहे पण त्यांना तुमचा चेहराही माहीत नाही असं पत्र कामाचं नसतं. जॉब करत असाल तर सातपूर-अंबडच्या कंपनीतल्या तुमच्या थेट साहेबांचं एक पत्र चालतं.

विचारायला समोर जा, मेसेजवर नको. जाताना एका पानावर लिहून न्या: कोणता कोर्स, कोणत्या युनिव्हर्सिट्या, प्रत्येकीची तारीख, त्यांच्या विषयात तुम्ही काय केलं होतं. बरेच सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. तेव्हा नम्रपणे म्हणा, सर मुद्दे मी काढून आणलेत, पण शब्द तुमचे असले तर बरं पडेल. बहुतेक जण ऐकतात. यूएसच्या अर्जात सरांना थेट लिंक जाते, ती जीमेलपेक्षा कॉलेजच्या ईमेलवर गेलेली बरी, आणि ती हमखास स्पॅममध्ये पडते, तर लिंक पाठवली की त्याच दिवशी सरांना सांगा. डेडलाइनच्या आदल्या आठवड्यात एकदा आठवण करा, आणि अॅडमिट (प्रवेशाचं पत्र) आला की पेढे घेऊन जा, पुढच्या मुलांसाठी पण सर लिहितील.

कन्सल्टन्सी लागते का

कॉलेज रोडला, गंगापूर रोडला, कॅनडा कॉर्नरला ऑफिसं भरपूर आहेत. काही चांगली माणसंही आहेत. पण एक समजून घ्या, जो तुमच्याकडून फी घेत नाही त्याला पैसे कुठून तरी मिळतात, आणि ते बहुतेक करून ज्या कॉलेजांशी टायअप आहे त्यांच्या कमिशनमधून. जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिट्या असं कमिशन देत नाहीत, म्हणून त्यांची नावं तिथे फारशी निघत नाहीत. जायचं तर जा, पण तीन गोष्टी सोडू नका: अर्जाचा लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याकडे, ईमेल तुमचा स्वतःचा, मूळ कागद त्यांच्याकडे ठेवायचे नाहीत. आणि खोटा अनुभवाचा दाखला, खोटं बँक बॅलन्स असं कुणी सुचवलं तर तिथून उठून बाहेर या. पकडलं गेलं तर व्हिसाबंदी तुमच्या पासपोर्टवर लागते, त्यांच्या नाही.

पैसे, लोन, आणि शेतकऱ्यांच्या घरची अडचण

सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत साधारण तारण लागत नाही, त्याच्या वर लागतं. आणि इथे आपल्या पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या मुलांना धक्का बसतो. घरी दहा एकर बाग आहे, सातबारा कोरा आहे, तरी बँक म्हणते ही जमीन तारण चालणार नाही. कारण सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याखाली ती विकता येत नाही, म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला ती घेत नाहीत. तिथे एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, एफडी लागते. गावातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असेल तर त्यालाही बऱ्याच शाखा नाही म्हणतात. मग काका-मामाचा नाशिकातला फ्लॅट तारण द्यायचा विषय निघतो, तो नात्यातला विषय आहे, त्याला वेळ द्या, जानेवारीत बोला, जूनमध्ये नको. फ्लॅटवर आजोबांचं नाव असेल तर वारस नोंदीला महिने जातात.

दुसरं, वडील सहकर्जदार असतात आणि त्यांचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघतात. सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी नवं-जुनं करत असाल आणि एखाद्या वर्षी ते थकलं असेल तर ते तिथे दिसतं. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, आधीच काढून बघा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरून ते त्यात दाखवलेलं असेल तर बँकेत आणि व्हिसाला दोन्हीकडे बोलायला कागद असतो. आत्तापर्यंत भरत नसाल तर एखाद्या सीएला भेटा. द्राक्षाची व्यापाऱ्याकडून आलेली पट्टी आणि बँकेत जमा झालेली रक्कम, दोन्ही जपून ठेवा.

तारणाशिवाय खाजगी फायनान्स कंपन्या देतात, पटकन देतात, पण व्याज जास्त, आणि काहींत शिकत असतानाच व्याज भरावं लागतं. सही करायच्या आधी वडिलांना बरोबर बसवून महिन्याचा हप्ता किती येईल तो आकडा कागदावर लिहून घ्या. व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षं आयकरात सवलत मिळते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे बाहेर पाठवले तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही.

पार्ट टाइम करून फी काढीन हा हिशोब धरू नका. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यात जेवणखाण, भाडं निघायला मदत होते, तेवढंच धरा.

शिष्यवृत्त्या

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेची, ओबीसी-भटक्यांसाठी त्यांच्या विभागाची. आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती आहे आणि त्यांचं आयुक्तालय तर आपल्या नाशिकमध्येच आहे, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला, तरी सुरगाणा-पेठ-त्र्यंबककडच्या मुलांपर्यंत ही माहिती पोचत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आज फोन करून सांगा. या योजनांत क्यूएस रँकिंगची (जगातल्या युनिव्हर्सिट्यांची क्रमवारी) आणि उत्पन्नाची अट असते, जाहिरात निघाल्यावर दिवस कमी मिळतात, म्हणून जात पडताळणी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आधीच काढून ठेवा, आणि ऑफर लेटर हातात असलेलं बरं. सगळ्यांसाठी जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची लोन स्कॉलरशिप आहे, १८९२ पासून चालू आहे. शिवाय जर्मनीची डाड, युरोपची इरास्मुस मुंडुस, यूकेची चेवनिंग. चेवनिंगला कामाचा अनुभव लागतो.

अॅडमिट आल्यानंतर

जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला) लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना सक्तीचं आहे, फी १८ हजार रुपये. बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्जाच्या वेळीच मागतात, म्हणून हे अॅडमिटची वाट न बघता डिग्रीचे कागद आले की लगेच टाका, सीझनला वेळ लागतो. मग ब्लॉक्ड अकाउंट (तिकडच्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाखांच्या आसपास किंवा थोडं वर. तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ तुमच्या हातात येतात. हे पैसे तुमचेच असतात, फी नाही, हे घरी नीट समजावून सांगा, नाहीतर आई-वडील एवढ्या रकमेनेच घाबरतात.

यूएसला युनिव्हर्सिटी आय-२० (व्हिसाला लागणारा प्रवेशाचा कागद) देते, त्यावर सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा फी, आधी बायोमेट्रिक, मग मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू. जून २०२५ पासून स्टुडंट व्हिसावाल्यांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात. यूकेला युनिव्हर्सिटीकडून कॅस (प्रवेश पक्का असल्याची नोंद), टीबीची टेस्ट, वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज, आणि बँकेत दाखवायची रक्कम सलग २८ दिवस एक रुपयाही खाली न जाता. २७ व्या दिवशी कुणी त्यातून किराणा भरला तर परत पहिल्यापासून मोजायचं.

इंटरव्ह्यू सकाळचा असेल तर त्याच दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने किंवा पहाटे गाडी काढून जायचा विचार करू नका. समृद्धीमुळे इगतपुरीपासून पुढे रस्ता सोपा झाला असला तरी ठाण्याच्या पुढची गर्दी कुणाच्या हातात नाही. आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडे राहा. इंटरव्ह्यूत दोन-तीन मिनिटं मिळतात: हीच युनिव्हर्सिटी का, पैसे कोण भरतंय, वडील काय करतात. वडील द्राक्षबागायतदार आहेत हे सरळ सांगा, किती एकर, माल कुठे जातो, वर्षाला साधारण काय येतं. मुलं उगाच बिझनेस म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाला अडखळतात, कारण कसला बिझनेस याचं उत्तर पाठ केलेलं नसतं. शेती म्हणा, आकडे सांगा, तुम्हाला ते तोंडपाठ असतात.

व्हिसा पासपोर्टवर छापून आला की आधी नाव, जन्मतारीख आणि तारखांची मुदत वाचा, चूक असेल तर लगेच कळवा. मूळ मार्कशीट, डिग्री, ऑफर लेटर, लसीचे कागद हँड बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. सगळ्याचे स्कॅन एका ड्राइव्हवर, आणि त्याचा अॅक्सेस घरातल्या एकाला. बँकेच्या खात्याला लावलेला मोबाइल नंबर इथला असेल तर जायच्या आधी त्याचं इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, ओटीपी तिकडे आला नाही तर पहिल्या महिन्याचं भाडंही पाठवता येत नाही.

तारखा, फी, अटी बदलत राहतात, तर अर्ज भरताना त्या त्या सरकारी साइटवर एकदा बघून घ्या. कुठे अडलात तर देश, कोर्स आणि सीजीपीए लिहून विचारा, जमेल तसं सांगते.